आयसी-७३००: बीप, बँडची हद्द आणि आपोआप लागणारा मोड

आयकॉमचा आयसी-७३०० हा हॅम रेडिओचा सेट बाजारात आला २०१६ साली. एचएफवर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झवर, नव्याने आलेल्या हॅमकडेही (परवानाधारक हौशी रेडिओवाल्याकडेही) आता तो दिसतो, आणि सेट जोडून झाला की पहिल्या एकदोन रात्रींतच त्याच्या मालकाचा हात मेन्यूतल्या बीपकडे जातो. घरातले झोपलेले असतात, पडद्याला बोट लागलं की ‘पीं’, बटण दाबलं की ‘पीं’. मग बीप लेव्हल थेट शून्य टक्के. त्रास संपतो, पण बँडची, म्हणजे हॅमना दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची, हद्द ओलांडल्यावर वाजणारी बीपही त्याच शून्याबरोबर जाते. सेटमधल्या सगळ्या आवाजांत ही एकच बीप परवान्याशी जोडलेली आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

मेन्यू, सेट, फंक्शन अशा वाटेने गेलात की बीपच्या ओळी एकाखाली एक दिसतात. ‘बीप लेव्हल’ हा सगळ्या बीपांचा मिळून एकच आवाज आहे, शून्य ते शंभर टक्के. कारखान्यातून तो ५० वर येतो. ‘बीप लेव्हल लिमिट’ चालू असेल तर एएफ नॉब (आवाजाचा) एका मर्यादेपलीकडे फिरवला तरी बीप मोठी होत नाही. हेडफोन लावून कमजोर स्टेशन ऐकायला एएफ वाढवणाऱ्यांनी हे चालूच ठेवावं, नाहीतर पुढची बीप कानात टाचणीसारखी घुसते. ‘बीप कन्फर्मेशन’ म्हणजे बटण दाबल्याची पोच. आणि ‘बँड एज बीप’ म्हणजे हद्दीची बीप.

कटकट असते ती पोचेची, म्हणून बंद तीच करायची. कन्फर्मेशन ऑफ, लेव्हल २० ते ३० टक्क्यांच्या आसपास, लिमिट ऑन. एवढं केलं की सेट रात्री गप्प राहतो आणि हद्द ओलांडली की तेवढा बोलतो. पडदा न पाहता सेट चालवणाऱ्यांनी मात्र कन्फर्मेशन चालूच ठेवावं, कारण बोट लागलं की नाही हे कळायला त्यांच्याकडे ती बीपच असते.

आता हद्द कोणती, हा खरा मुद्दा. बँड एज बीपला चार पर्याय आहेत: ऑफ, ऑन डिफॉल्ट, ऑन युजर, आणि ऑन युजर अँड टीएक्स लिमिट (टीएक्स म्हणजे प्रक्षेपण). सेट डिफॉल्टवर येतो, आणि डिफॉल्ट म्हणजे तो सेट ज्या देशासाठी बनला त्या देशाच्या हद्दी. नातेवाइकांकडून अमेरिकेतून आणलेल्या सेटमध्ये ४० मीटरची वरची हद्द ७.३०० मेगाहर्ट्झ असते. भारतात हा बँड ७.००० ते ७.२०० आहे, त्याच्या वर प्रसारण केंद्रं बसलेली आहेत. म्हणजे अमेरिकी सेट ७.२०० वर वाजणारच नाही, ७.२५० वर तुम्ही बोललात तरी तो काही म्हणणार नाही. ८० मीटरवर हा फरक आणखी मोठा आहे. अमेरिकेचा बँड ४.००० पर्यंत जातो, आपला बराच आखूड आहे. तिथे कुणी सांगितलेले आकडे घेऊ नका, स्वतःच्या परवान्याचा तक्ता उघडून घ्या. परवान्याच्या श्रेणीनुसारही फरक पडतो.

म्हणून शेवटचा पर्याय, ऑन युजर अँड टीएक्स लिमिट. तो निवडल्यावर फंक्शनच्या यादीत ‘युजर बँड एज’ ही नवी ओळ येते, तोवर ती लपलेली असते. आत गेलात की डिफॉल्ट हद्दींची यादी आधीच भरलेली दिसते. इथे बरेच जण अडतात. ४० मीटरसाठी नवी ओळ भरायला जातात आणि सेट ती घेत नाही, कारण जुनी ७.०००–७.३०० ची ओळ अजून तिथेच असते आणि एकमेकींवर चढणाऱ्या हद्दी चालत नाहीत. आधी ती ओळ बदला किंवा बोट एक सेकंद दाबून धरून उघडणाऱ्या छोट्या मेन्यूतून काढून टाका, मग नवी भरा. ओळीवर टेकलं की आकड्यांची पाटी येते. खालची फ्रिक्वेन्सी, एंटर, वरची फ्रिक्वेन्सी, एंटर. एकूण ३० ओळी बसतात, भारतीय परवान्याला त्याच्या निम्म्याही लागत नाहीत. या सोयीने हद्द फक्त आत ओढता येते. सेटची मूळ हद्द यातून वाढत नाही.

कोणते आकडे भरायचे, यावर जरा थांबू. बीप डायलवरच्या आकड्याकडे बघते. तुमचा आवाज बँडमध्ये किती जागा व्यापतो, याचा तिला पत्ता नसतो. एसएसबीमध्ये (बोलण्याचा नेहमीचा मोड, त्यात सिग्नलची एकच बाजू, म्हणजे साइडबँड, पाठवतात) डायल दाखवतो ती दाबून टाकलेल्या कॅरिअरची, म्हणजे मूळ लहरीची, जागा. आवाज असतो तिच्या एका बाजूला: यूएसबीत वर, एलएसबीत खाली. ७३०० मध्ये प्रक्षेपणाची रुंदी वाइडवर असेल तर आवाज १०० ते २९०० हर्ट्झ असतो, मिडवर ३०० ते २७००. समजा, २० मीटरवर यूएसबीत डायल १४.३४९ वर आहे. बँड १४.३५० ला संपतो, डायल आत आहे, बीप वाजत नाही. पण तुमचा आवाज १४.३५१९ पर्यंत पोचलेला असतो. जवळजवळ दोन किलोहर्ट्झ बाहेर. इथे सेटच्या अचूकतेला दोष देता येत नाही. त्याची फ्रिक्वेन्सी दहा लाखात अर्ध्या भागाच्या आत राहते, म्हणजे १४ मेगाहर्ट्झवर जेमतेम ७ हर्ट्झ.

म्हणून यूएसबीच्या बँडांत वरची हद्द तीन किलोहर्ट्झ आत घ्या: २० मीटरला १४.३४७, १७ ला १८.१६५, १५ ला २१.४४७, १२ ला २४.९८७. सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, या बँडांच्या खालच्या टोकाला चालतं, त्यामुळे वरचे तीन किलोहर्ट्झ गेले तरी कुणाचं काही अडत नाही. ४० मीटरवर उलटं आहे. तिथे आवाज एलएसबीत असतो, म्हणजे डायलच्या खाली पसरतो. ७.१९९ वर डायल असेल तर आवाज ७.१९६ ते ७.१९९ मध्ये बसतो, म्हणून वरची हद्द ७.१९९ ठेवली तरी पुरते. खालची हद्द मात्र ७.००० च ठेवावी लागते, कारण खाली सीडब्ल्यू आहे आणि मोडनुसार वेगळी हद्द भरायची सोय या सेटमध्ये नाही. तिथे एलएसबीत ७.००३ च्या खाली बोलू नये, हे आपणच लक्षात ठेवायचं. एएममध्ये दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते. १० मीटरच्या एफएमला तर २९.७०० पासून निदान आठ किलोहर्ट्झ आत राहायला हवं.

टीएक्स लिमिट कशाला, बीप पुरेशी नाही का? डायल फिरवत असाल तर पुरेशी आहे. पण स्प्लिटमध्ये, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून दुसरीवर बोलताना, दुसरा व्हीएफओ (बोलण्याची फ्रिक्वेन्सी धरणारा) कुठे आहे हे डायल सांगत नाही, आणि डेल्टा टीएक्स लावून प्रक्षेपण ९.९९ किलोहर्ट्झपर्यंत सरकवता येतं, तेव्हाही बीप वाजत नाही. याचं नेहमीचं उदाहरण ४० मीटरवरच मिळतं. अमेरिकी स्टेशन ७.२०० च्या वर बोलतंय आणि खाली ऐकतंय. आपण त्याला वर ऐकायचं आणि ७.२०० च्या आत उत्तर द्यायचं. ऐकायला बंदी नाही, बोलायला आहे. स्प्लिट लावायचं विसरून पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं तर टीएक्स लिमिट असलेला सेट प्रक्षेपणच करत नाही. घाईत, पाइलअपमध्ये (एका स्टेशनला अनेक जण हाका मारत असताना), हे विसरणं फार सोपं आहे.

हद्दीचं झालं. आता मोड.

‘सेट आपोआप योग्य साइडबँड लावतो’ हे अर्धंच खरं आहे. मोडच्या चौकोनावर टेकून एसएसबी निवडलंत तर १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी लागतो. पण बँड बदलल्यावर जो मोड येतो तो या नियमाने येत नाही. तो येतो आठवणीने. प्रत्येक बँडला तीन रजिस्टर आहेत आणि त्या त्या रजिस्टरमध्ये तुम्ही शेवटी सोडलेली फ्रिक्वेन्सी, मोड आणि फिल्टर राहतात. काल रात्री ७.०७४ वर एफटी८ (संगणकाने चालणारा डिजिटल मोड) चालवून सेट बंद केला असेल, तर आज सकाळी ४० मीटरवर तुम्हाला यूएसबी-डी (डी म्हणजे डेटा) मिळणार. मग डायल फिरवत ७.११० च्या नेटवर (हॅमच्या ठरलेल्या बैठकीवर) गेलात तरी मोड यूएसबी-डीच राहतो. डायल फिरवल्याने साइडबँड बदलत नाही.

त्यातून दोन तक्रारी येतात आणि दोन्ही माइकच्या किंवा अँटेनाच्या माथी मारल्या जातात. पहिली: पीटीटी दाबलं, टीएक्स लाल झालं, पॉवर मीटरची पट्टी मात्र हलतच नाही. कारण डेटा मोडमध्ये माइक तोडलेला असतो. आवाज कुठून घ्यायचा ते सेट, कनेक्टर्स, मॉड इनपुट इथे ‘डेटा मॉड’ ठरवतं, आणि एफटी८ साठी तुम्हीच ते यूएसबी पोर्टवर (संगणकाच्या केबलवर, यूएसबी साइडबँडशी याचा संबंध नाही) ठेवलेलं असतं. दुसरी: कुणीतरी डेटा बंद केला, माइक चालू झाला, पण समोरच्याला शब्द कळत नाहीत, बदकासारखं ऐकू येतं. कारण डी गेला तरी यूएसबी राहिला. एसएसबीवर आणखी एकदा टेकलं की एलएसबी लागतो आणि आवाज माणसाचा होतो. माइक उघडून सोल्डर तपासण्याआधी पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली ती दोन-तीन अक्षरं वाचायला हवीत.

यावरचा इलाज म्हणजे रजिस्टर जाणूनबुजून वाटून घेणं. मेगाहर्ट्झच्या आकड्यावर टेकून बँडांची पाटी उघडा आणि ‘७’ एक सेकंद दाबून धरा, तीन रजिस्टर दिसतात. एकात आवाज, एलएसबी. दुसऱ्यात ७.०७४, यूएसबी-डी. तिसऱ्यात सीडब्ल्यू. मग कामानुसार डायल लांबवर न नेता रजिस्टर बदला, मोड आणि फिल्टर सोबतच येतात. एक धोका आहे: रजिस्टरला कुलूप नसतं. आवाजाच्या रजिस्टरमध्ये असताना एफटी८ चं सॉफ्टवेअर सुरू केलंत तर ते सेटला ७.०७४ वर नेतं आणि ते रजिस्टर तिथेच राहतं. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरमध्ये रेडिओच्या पानावर मोड ‘डेटा/पॅकेट’ ठेवलेला असतो तेव्हा ते स्वतःच यूएसबी-डी लावतं, पण बंद होताना आधीचा मोड परत लावून देत नाही. म्हणून रोजच्या नेटची फ्रिक्वेन्सी रजिस्टरच्या भरवशावर न ठेवता मेमरी चॅनेलमध्येच लिहा. ९९ चॅनेल आहेत, आणि ते डायल फिरवल्याने पुसले जात नाहीत.

एफटी८ वाल्यांसाठी आणखी एक. यूएसबी-डीमध्ये पहिला फिल्टर मुळात १.२ किलोहर्ट्झचा असतो. वॉटरफॉलवर (सिग्नलच्या सरकत्या चित्रावर) मधलाच पट्टा उजळ आणि दोन्ही बाजू काळ्या दिसत असतील तर अँटेना ठीक आहे, फिल्टर अरुंद आहे. तो ३ किलोहर्ट्झपर्यंत उघडा. फिल्टर प्रत्येक मोडचा वेगळा लक्षात राहतो, म्हणून एसएसबीत रुंद केलेला फिल्टर इथे उपयोगी पडत नाही.

दहाच्या खाली एलएसबी या प्रथेला दोन अपवाद पक्के लक्षात ठेवा. एफटी८ आणि त्याच्या घराण्यातले मोड सगळ्या बँडांवर यूएसबीतच चालतात, १६० मीटरपासून वर. आणि ६० मीटरवर, ५३५१.५ ते ५३६६.५ किलोहर्ट्झमध्ये, ज्यांना परवानगी आहे ते आवाजही यूएसबीतच देतात. सेट तिथे एसएसबी दाबल्यावर एलएसबी देतो, कारण त्याला फक्त दहाचा आकडा माहीत आहे.

ही प्रथा कुठून आली याचं एक स्पष्टीकरण सगळीकडे फिरतं: जुन्या सेटमध्ये ९ मेगाहर्ट्झवर एसएसबी तयार करायचे आणि ५ मेगाहर्ट्झचा व्हीएफओ (बदलत्या फ्रिक्वेन्सीचा ऑसिलेटर) मिसळायचे. बेरजेने १४ वर यूएसबी आणि वजाबाकीने ४ वर ‘उलटून’ एलएसबी. गणित करून बघा, उलटत नाही. ९ वरच्या एसएसबीतून ५ चा व्हीएफओ वजा केला तर साइडबँड तोच राहतो. उलटतो तो, जेव्हा एसएसबीच व्हीएफओमधून वजा होते तेव्हा, म्हणजे एसएसबी ५ वर आणि व्हीएफओ ९ वर असेल तेव्हा. नव्यांना शिकवताना ही गोष्ट निदान बरोबर बाजूने सांगावी.

सीडब्ल्यूबद्दल थोडक्यात. एसएसबीत एखादा सूर ऐकून सीडब्ल्यूवर गेलात की सूर बदलतो, कधी गायबच होतो. फंक्शनमधलं ‘एसएसबी/सीडब्ल्यू सिंक्रोनस ट्युनिंग’ ऑन केलं तर सेट पिचइतकी (सीडब्ल्यूच्या सुराइतकी) फ्रिक्वेन्सी सरकवतो आणि सूर तोच राहतो. पिच मुळात ६०० हर्ट्झवर असते. ज्यांना शेजाऱ्याचं सिग्नल दुसऱ्या बाजूला टाकायचं असेल त्यांनी सीडब्ल्यू-आर (उलट्या बाजूने ऐकणारं सीडब्ल्यू) वापरावं.

मोड चुकू नये म्हणून ऐकण्याची सोयही आहे, आणि ती दुर्लक्षित राहते. ‘स्पीच/लॉक’ बटण एकदा दाबलं की सेट एस मीटर, फ्रिक्वेन्सी आणि मोड इंग्रजीत बोलून दाखवतो. तेच बटण धरून ठेवलं तर डायल लॉक होतो. फंक्शनमधल्या स्पीचच्या पानावर वेग, आवाज, आणि ‘मोड स्पीच’ आहे. मोड स्पीच ऑन केलं की मोड बदलताना तो लगेच ऐकू येतो. बँड बदलल्यावर पीटीटीला हात लावण्याआधी स्पीच एकदा दाबायची सवय लावून घेतली तर वरच्या दोन्ही तक्रारी उरतच नाहीत. दृष्टिहीन हॅमना हे ठाऊक असतं, कारण त्यांचा सेट यावरच चालतो. बाकीच्यांनीही ते उचलावं.

हे आवाज डिजिटलच्या कामात शिरू द्यायचे नाहीत. कनेक्टर्समध्ये एसीसी/यूएसबी एएफ आउटपुटसोबत ‘बीप/स्पीच आउटपुट’ ही ओळ असते. ती ऑफच असते आणि ऑफच राहू द्या. ऑन झाली तर प्रत्येक बीप संगणकाकडे जाणाऱ्या ऑडिओत मिसळते, वॉटरफॉलवर उभी रेघ उठते आणि त्या पंधरा सेकंदांतली कमजोर स्टेशनं डिकोड होत नाहीत. व्हॉक्स (आवाजाने आपोआप सुरू होणारं प्रक्षेपण) वापरत असाल तर स्पीकरमधली बीप माइकमध्ये जाऊन सेट स्वतःच प्रक्षेपणात जाऊ शकतो. तिथे अँटी-व्हॉक्स वाढवा, नाहीतर हेडफोन लावा.

एवढं लावून झालं की सेट, एसडी कार्ड, सेव्ह सेटिंग. ऑल रीसेट केला तर युजर बँड एजच्या सगळ्या ओळी डिफॉल्टवर जातात आणि सेट त्याबद्दल काही सांगत नाही. कार्डावरची फाइल असेल तर दोन मिनिटांत सगळं परत येतं.

हँडहेल्डवर बीपचे प्रश्न वेगळे असतात, कारण तिथल्या काही बीपा फक्त तुम्हाला ऐकू येतात आणि काही रिपीटरवरच्या (सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावरच्या) सगळ्यांना. बाओफेंग यूव्ही-५आर मध्ये मेन्यू ८ ‘बीप’ आणि मेन्यू १४ ‘व्हॉइस’ तुमच्यापुरते आहेत. मेन्यू ३९ ‘रॉजर’ मात्र पीटीटी सोडताना हवेत जातो. रिपीटरची स्वतःची शेपटी (बोलणं संपल्यावरची खूण) असताना हा दुसरा सूर कुणालाच नको असतो, तो ऑफ ठेवा. मेन्यू ३२ ‘एएल-मॉड’ आणखी महत्त्वाचा. बाजूचं नारिंगी बटण दाबून राहिलं की अलार्म सुरू होतो. ‘टोन’ किंवा ‘कोड’ असेल तर तो प्रक्षेपित होतो, ‘साइट’ असेल तर आपल्याच स्पीकरवर वाजतो. मेन्यू, ३, २, मेन्यू, बाणाने साइट, मेन्यू, एक्झिट. मग अँटेना काढून डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, सिग्नल हवेत न सोडणारा भार) लावा, नारिंगी बटण दाबा आणि प्रक्षेपणाचा लाल दिवा लागतो का ते बघा. लागला तर त्या बटणापासून हात दूर ठेवायचा. मेन्यू ९ ‘टीओटी’, म्हणजे सलग प्रक्षेपणाची मर्यादा, सेकंदांत असतो. तो ६० वर ठेवला की खिशात दाबली गेलेली पीटीटी मिनिटभरात सुटते.

येसूच्या सी४एफएम (डिजिटल आवाजाच्या) सेटमधल्या एएमएसलाही आपोआप मोड म्हणतात. तो आलेल्या सिग्नलचा मोड ओळखून तोच लावतो. उत्तर देताना छान चालतं. पण पहिली हाक तुम्ही देता तेव्हा सेट आधी सोडलेल्या मोडमध्ये असतो. तो डिजिटल असेल आणि रिपीटर फक्त अॅनालॉग, तर ऐकणाऱ्यांना खरखर मिळते. अशा रिपीटरसाठी मोड एफएमवर बांधून टाका. आणि एआरएस, म्हणजे आपोआप लागणारा रिपीटर शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर), २ मीटरवर ६०० किलोहर्ट्झ देतो. तो रिपीटरच्या माहितीशी ताडून पाहा. ७० सेंटिमीटरवर मात्र अमेरिकी सेटचा शिफ्ट ५ मेगाहर्ट्झ असतो आणि आपला बँड ४३४ ते ४३८, म्हणजे पुरता चारच मेगाहर्ट्झ रुंद. ४३८ मधून ५ वजा केले तरी ४३३ येतात, ४३४ मध्ये मिळवले तर ४३९. त्या बँडवर एआरएस बंद करून ऑफसेट हातानेच भरा.